हरेश्वरच्या तिऱ्हाईत लेन्सा

हरेश्वर राऊत गेल्याचा फोन आला तेव्हा मला वाईट वाटलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कोणाला शंका येईल. वाईट वाटलं, आणि मग पहिला विचार आला तो असा, की हा माणूस आता कायमचा पुढे गेला. आता त्याचा एकही फोटो वाईट येणार नाही. जिवंत माणसाशी बरोबरी करता येते, आज ना उद्या तो चुकेल अशी आशा तरी असते. गेलेला माणूस तेवढीही सोय ठेवत नाही.

आम्ही दोघं तारापूरच्या एमआयडीसीत एकाच रंगांच्या कारखान्यात होतो. मी खरेदी विभागात, तो प्रयोगशाळेत. मी राहायला बोईसरला. तो एडवणचा वाडीवाला, नारळ, पानवेल, चिकू असं सगळं घरचं. तो नोकरीला लागेपर्यंत कारखान्याचा फोटोग्राफर म्हणजे मी. माझ्याकडे नावाजलेल्या कंपनीचा कॅमेरा होता आणि त्याच कंपनीची, खोक्यासकट घेतलेली लेन्स होती. सत्यनारायण असो, सेफ्टी वीक असो की कुठल्या साहेबांचा निरोप समारंभ, लोक म्हणायचे, सुधीरला बोलवा. मला ते फार आवडायचं आणि आपल्याला ते आवडत नाही असं मी दाखवायचो.

मग प्रयोगशाळेच्या नव्या खोलीचं उद्घाटन झालं. खोली अरुंद, दोन्ही बाजूंना ओटे, आणि जनरल मॅनेजरसाहेबांना सगळा स्टाफ एका फोटोत हवा होता. मी मागे सरकत सरकत भिंतीला टेकलो, तरी दोन्हीकडची माणसं कापली जात होती. मी म्हटलं, बाहेर पटांगणात चला. साहेब म्हणाले, उद्घाटन खोलीचं आहे की पटांगणाचं? तेवढ्यात लांब हातापायांचा, पडलेल्या खांद्यांचा एक नवा केमिस्ट पुढे आला, तोच हरेश्वर. त्याने डब्याच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक जुनी लेन्स काढली. तिच्यावरची अक्षरं झिजलेली, कडेचा काळा रंग उडालेला. स्वतःच्या साध्या कॅमेऱ्याला मध्ये एक कडी अडकवून त्याने ती बसवली आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "बारीक माणसं कडेला या. जाडी मधी. ही लेन्स वाइड हाय, कडेच्या माणसाला फुगवते."

त्यानंतर जी धावपळ झाली ती कारखान्यात आग लागली असती तरी झाली नसती. अकाउंट्समधले अर्धे लोक मध्ये घुसले. साहेबांना आपण नेमके कुठल्या गटातले हे ठरवता येईना. मी काडीपैलवान, त्यामुळे मला डाव्या टोकाला उभं केलं. फोटोत सगळे आले, खोली आली, छताचा पंखाही आला. त्या फोटोत मी आयुष्यात पहिल्यांदा अंगाने भरलेला दिसतो. माझ्या आईने मी काढलेले सगळे फोटो सोडून तो फ्रेम करून घेतला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागली. लग्नानंतर वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोनेही तो बघितला आणि विचारलं, हा कोणी काढलाय, किती छान आलाय. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

त्या लेन्सांबद्दल थोडं सांगायला हवं. ज्या कंपनीचा कॅमेरा तिचीच लेन्स घ्यावी, हा सरळ रस्ता. पण फिल्मच्या काळात काही तिसऱ्याच कंपन्या कोणत्याही कॅमेऱ्याला बसतील अशा स्वस्त लेन्सा बनवायच्या. गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी त्या वापरल्या आणि डिजिटल आल्यावर फडताळात टाकून दिल्या. हरेश्वर पालघर-डहाणूकडचे बंद पडणारे स्टुडिओ हुडकून तिथून त्या उचलायचा. फक्त वाइड अँगल, म्हणजे जवळून पुष्कळ दाखवणाऱ्या. त्यांना तो तिऱ्हाईत म्हणायचा. "घरच्या माणसाचं सगळेच कौतुक करतात," तो म्हणायचा, "तिऱ्हाइताला पारखून घ्यावं लागतं." आणि तो पारखायचा म्हणजे काय, जीव खायचा.

प्रत्येकीला नाव होतं. एक होती तलाठी, तिला मधलं स्वच्छ दिसायचं आणि कडेचं सगळं धूसर. एक नवरी, समोर ऊन आलं की हिचा चेहरा पांढरा पडायचा. एक मामा, त्याच्यातून सरळ भिंत पोट सुटल्यासारखी दिसे. कुठलीच निर्दोष नव्हती आणि हरेश्वरला निर्दोष नकोच होती. कोणाच्याही घरी गेला की पाणी यायच्या आत तो खोलीच्या कोपऱ्यात पाठ टेकवून उभा राहायचा, इथून किती मावतं ते बघायला. एकदा मयताला गेलो असतानाही तो असा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. घरच्यांना वाटलं, याला फार दुःख झालंय.

रविवारी आम्ही सातपाटीला जायचो. समुद्राकाठी बोंबील सुकवायला बांबूच्या मांडवासारखी चौकट उभारतात, तिला वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून त्या आडव्या बांबूंवर टांगायचे, अशा ओळींवर ओळी. दुसरे लोक तिथे जाऊन सूर्यास्ताचे फोटो काढतात. हरेश्वर आधी डोळे बारीक करून त्यातल्या त्यात सरळ बांबू शोधायचा, त्याच्यासमोर तिपाई रोवायचा आणि एकामागून एक सगळ्या लेन्सा लावून तोच फोटो काढायचा. बांबू वाकला तर लेन्स वाकवते. कोपऱ्यातल्या बोंबलाचे दात मोजता आले तर लेन्स कडेलाही नीट बघते. इतकी साधी परीक्षा होती. परदेशातले लोक यासाठी छापील तक्ते विकत घेतात.

त्या वलांड्या हिराबाईंच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी हरेश्वरला सरकारी माणूस समजून खुर्ची दिली. तो पुन्हा पुन्हा यायला लागला तशी खुर्ची बंद झाली. एकदा त्या बोंबील उलटे करता करता थांबल्या आणि त्याला म्हणाल्या, "एकाच बोंबलाचा कितींदा फोटो काढशील? तो काय आता हसणार हाय?"

हरेश्वर हसला आणि तिपाई तशीच ठेवून नवरी घेऊन त्यांच्याजवळ गेला. वाइड लेन्सने माणूस मोठा दिसायला हवा तर हातभर अंतरावर जावं लागतं. मी तसा गेलो असतो तर हिराबाईंनी मला समुद्रात ढकललं असतं. हा गेला, त्यांच्याशी मासळीच्या भावावर बोलत राहिला, आणि बोलता बोलता फोटो काढला. त्यात हिराबाई आहेत, त्यांच्या मागे वलांडीच्या सगळ्या ओळी पसरत गेल्यात आणि उन्हाने सगळ्या फोटोवर दुधाळ साय धरलीय. तो नवरीचा दोष होता. त्या दिवशी मीही हिराबाईंचा फोटो काढला, दुरून, खोक्यासकट घेतलेल्या लेन्सने. त्यात त्यांच्या नाकातल्या चमकीचे खडेसुद्धा मोजता येतात. हिराबाईंनी हरेश्वरचा मागून घेतला. माझा बघून म्हणाल्या, "बरा हाय. आधारकार्डाला चालंल."

मला एकच गोष्ट हवी होती आणि ती मी कधी लपवली नाही, निदान स्वतःपासून तरी. हरेश्वरने एकदा माझ्या फोटोसमोर उभं राहावं आणि म्हणावं की हा चांगला आहे. लोकांचं कौतुक मला पुष्कळ मिळालं होतं, ते मी कुठे ठेवलं तेही आठवत नाही. त्याचं हवं होतं. आणि तो ते देईना, कारण त्याचा एक नियम होता.

कारखान्यात फोटोंची आवड असलेले आम्ही चारजण. मी, हरेश्वर, अकाउंट्समधली शुभांगी आणि मेंटेनन्सचे यादवजी. महिन्यातून एकदा कँटीनच्या टेबलावर प्रिंट मांडायचे. प्रयोगशाळेत नमुन्याच्या बाटलीवर मालकाचं नाव नसतं, नंबर असतो, तसं फोटोंवरही फक्त नंबर. कोणी काढला, कुठल्या लेन्सने, काही कळायचं नाही. "नाव झाका, मग बोला," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आम्ही तिघांनी बोलायचं. नंबर तो टाकायचा, नावं त्याला ठाऊक, म्हणून त्याने तोंड उघडायचं नाही. मी त्याला बाजूला घेऊन कितीदा विचारलं की तुला स्वतःला कुठला आवडला. तो खांदे आणखी पाडायचा आणि म्हणायचा, "माझं मत खराब झालेलं हाय. मला नावं म्हायत हायत."

त्या टेबलावर माझी जी फजिती चालायची ती फक्त मलाच दिसत होती. मी प्रामाणिकपणे सगळ्यात चांगला फोटो निवडायचो आणि तो हरेश्वरचा निघायचा. माझ्याच तोंडाने, सगळ्यांसमोर, दर महिन्याला त्याची स्तुती. शेवटी मी अक्कल लढवली. त्याच्या लेन्सांचे दोष मला पाठ झाले होतेच. दोष ओळखायचा, म्हणजे फोटो त्याचा, म्हणजे तो पाडायचा.

एकदा मासवणच्या सूर्या नदीचा एक फोटो टेबलावर आला. डावा कोपरा धूसर. मी मनात म्हटलं, तलाठी. आणि सुरू झालो. हा फोटो माणसाने काढलेलाच नाही, लेन्सने काढलाय. नदी आहे पण पाण्याला ओघ नाही. पुलाकडे बघावं की झाडाकडे हे काढणाऱ्यालाच कळलेलं नाही. कोपरा तर बघवत नाही. शुभांगी माझ्याकडे आदराने बघायला लागली. यादवजी मात्र हळूच म्हणाले, "साहब, मुझे तो यही अच्छा लगा."

हरेश्वरने प्रिंट उलटवला. फोटो माझा होता. तलाठी नव्हती, माझीच खोक्यातली लेन्स, पुसायची राहिलेली. मी असल्या सपाट नद्या इतक्या काढून गठ्ठ्याने त्याच्या हाती देत होतो की ही माझी हेही मला ओळखू आलं नव्हतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, पण स्वतःच्या बाब्याला भर कँटीनमध्ये कार्टं म्हणणारा मीच पहिला असेन. हरेश्वर हसला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "यादवजींना आवडला ना? मग एक मत पडलं." असला चांगुलपणा मला जास्त झोंबायचा.

मी त्याच्याकडून मामा मागून घेतला. त्यानेही लगेच दिला, कधी परत देतोस हेही विचारलं नाही. तो घेऊन मी वाणगावच्या मिरचीच्या शेतांत फिरलो. वाटत होतं, गुण त्या काचेत असेल. घरी येऊन बघितलं तर बांध पोट सुटल्यासारखे वाकलेले, आणि बाकी सगळं माझंच, तसंच सपाट. आतापर्यंत मी नाचता येईना अंगण वाकडं म्हणत होतो. आता अंगणही त्याचंच होतं.

तरी पापडांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती आठवली की मला आधी हसू येतं आणि नंतर जळायला होतं. दमट हवेत लेन्सच्या आत बुरशी धरते. त्यावर हरेश्वरचा उपाय म्हणजे ऊन. मे महिन्यात एडवणला त्याच्या गच्चीवर त्याच्या बायकोचं, म्हणजे मालतीवहिनींचं वाळवण पडायचं, आणि पापड-मिरच्यांच्या शेजारी या सगळ्या लेन्सा टोपणं काढून ऊन खात बसायच्या. कावळे हाकायला दोघं आळीपाळीने छत्री घेऊन बसत. एका वर्षी वारा सुटला म्हणून वहिनींनी पापडांवर जाळीच्या टोपल्या पालथ्या घातल्या. हरेश्वरला जागा कमी पडली, त्याने लेन्सा त्या टोपल्यांवर मांडल्या आणि जेवायला गेला. दुपारी वहिनी वर गेल्या तर गच्चीवर जळका वास. प्रत्येक लेन्सखालच्या पापडाला काळा डाग पडला होता.

संध्याकाळी मला फोन आला, ताबडतोब ये. मला वाटलं भांडण मिटवायला बोलावतोय. मी गेलो तर हा ते जळके पापड ताटात मांडून बसलेला, आणि वहिनी दारात उभं राहून त्याच्याकडे कशा बघत होत्या ते मी सांगत नाही. त्याला शरम वगैरे काही नव्हती. लेन्स पारखायला सूर्यासारखा बारीक, प्रखर दिवा आपल्याला मिळणार होता का, तो म्हणाला. हा डाग बघ, कसा गोल. हा लांबट, धूमकेतूसारखा शेपूट फुटलेला. हा तर दोन ठिकाणी जळालाय. मग त्याने माझ्यापुढे ताट सरकवलं. कुठला पापड कुठल्या लेन्सचा हे सांगणार नाही, तू सगळ्यात चांगला डाग निवड. मी बोट ठेवलं. तो मामाचा निघाला. जो भिंती वाकवतो तोच मधोमध सगळ्यात नेमका जळतो, हे त्याला त्या दिवशी कळलं आणि तो लहान पोरासारखा खूश झाला. वहिनींनी ते पापड तळून आम्हालाच खायला घातले. बोईसरला परत येताना माझ्या मनात आलं, इतक्या वर्षांत माझ्या लेन्सने साधा एक पापड जाळला नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. कँटीनचं टेबल सुटलं. तो एडवणला वाडीत रमला, मी बोईसरच्या फ्लॅटमध्ये जुने फोटो चाळत बसायला लागलो. मधूनमधून तो यायचा, येताना शहाळी किंवा पानं आणायचा. वंदनाशी त्याचं चांगलं जमायचं. माझ्या डब्यातलं तिचं लिंबाचं लोणचं मी घरी परत आणायचो, तो तेच बरणीभर मागून न्यायचा. मी घरात असताना ती ज्या गोष्टींवर हं म्हणायची, त्याच त्याने सांगितल्या की हसायची. यात वाकडं काही नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच तक्रारही करता येत नव्हती.

शेवटचा आला तो गणपतीनंतर. दम लागत होता, दोन जिने चढून आला तर बराच वेळ बोलता येईना. वंदना चहा टाकायला आत गेली. हा बसला नाही. सवयीप्रमाणे कोपऱ्यात पाठ टेकवून उभा राहिला, आणि तिथून त्याची नजर फ्रिजच्या वरच्या भिंतीकडे गेली. तिथे त्याच आठवड्यात एक फोटो लागला होता. आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये बायका वर्तमानपत्र पसरून करंदी, म्हणजे बारीक कोळंबी सोलायला बसल्यात. त्यांचे गुडघे अगदी पुढे, मधे करंदीचा ढीग, मागे पॅसेज लांबत लांबत वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत गेलाय. एकीला हसू अनावर झालंय, पण बोटं भरलीत म्हणून तिने मनगटाने तोंड झाकलंय.

हरेश्वर त्या फोटोजवळ गेला, मागे आला, पुन्हा जवळ गेला. मी वाट बघत होतो की आता विचारेल, कुठल्या लेन्सने काढला. त्याने ते विचारलं नाही. माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "ह्यातली एक बाय पण इकडं बघत नाय. फोटो काढणारा तिथं हाय हे त्यांना म्हायतच नाय. मी जवळ जातो, गप्पा मारतो, पण माणसाला कळतं रे मी आलोय. हे मला कधी जमलं नाय." मग म्हणाला, "पोटात दुखतंय माझ्या, सुधीर."

मी आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हे होतं. नुसतं 'चांगला आहे' नाही, त्याहून मोठं. जळणं काय असतं ते मला नीट ठाऊक आहे, त्यात खोटं करता येत नाही. तोंडातून शब्दही निघत होता, की अरे असंच, सहज काढला. पण वंदना चहाचा ट्रे घेऊन दारात येऊन उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"माझा नाही," मी म्हटलं. "हिचा. मोबाइलवर काढलाय."

तो फोटो वंदनानेच छापून आणला होता, तिनेच खिळा ठोकला होता. फ्रिज उघडताना मी तो रोज बघत होतो आणि फोटो म्हणून एकदाही बघितला नव्हता. हरेश्वरने वळून तिच्याकडे बघितलं. मग पुढे होऊन तिच्या हातातला ट्रे घेतला आणि माझ्या हातात दिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमी नक्की कुठं बसला होता?"

वंदना आधी लाजली, मग पदर खोचून सरळ फरशीवर बसली, इथे, असं म्हणत. तिने पुढ्यात नसलेला करंदीचा ढीग हाताने दाखवला, शेजारीण कुठे होती ते दाखवलं, मोबाइल गुडघ्याला टेकवून कसा धरला ते दाखवलं. हरेश्वरही दम खात, भिंतीला धरून तिच्यासमोर खाली बसला आणि मान वाकडी करून तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघायला लागला. तो विचारत होता आणि ती सांगत होती. इतकं नीट लावून ती माझ्याशी कधी बोलली होती ते मला आठवेना, आणि इतकं मन लावून त्याने माझं कधी ऐकलं होतं तेही आठवेना.

चहा निवतोय, मी म्हटलं. दोघांपैकी कोणीही मान वर केली नाही. हरेश्वरला मी पाहिलं ते हे शेवटचं, माझ्याच घरात, माझ्याकडे पाठ करून बसलेला. ट्रे धरून मी उभा होतो, आणि दोघांपैकी नक्की कोणावर जळायचं हे मला तेव्हा ठरवता आलं नाही, अजूनही येत नाही.